पांढरी पडलेली शेतं आणि बुजवलेले ओढे

प्राचीन नदीखोऱ्यांतल्या संस्कृतींचा धडा शाळेत एकाच साच्यातून येतो. नदीला पूर येतो, पूर गाळ आणतो, गाळात भरपूर पिकतं, खाऊन उरलेल्या धान्यावर कुंभार, तांबट, पुजारी, कारकून आणि शेवटी राजा पोसला जातो. नाईल, युफ्रेटिस, सिंधू, ह्वांग हो अशी नावं बदलत जातात, गोष्ट तीच राहते. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. शेतात आणलेलं पाणी पुढे कुठे जातं, हे तिच्यात कुणी विचारतच नाही. महाराष्ट्राचं पाटबंधारे धोरणही शंभराहून अधिक वर्षं याच अर्ध्या गोष्टीवर चाललं आहे आणि त्याची किंमत नीरा-कृष्णाकाठची काळी जमीन मोजते आहे. म्हणून हा धडा पुन्हा, पाण्याच्या शेवटाकडून वाचायला हवा.

आधी साधा हिशेब. नदीचं पाणी गोड असलं तरी त्यात क्षार असतातच. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी आपण बिनतक्रार पितो. एक हेक्टरावर वर्षभरात एकूण एक मीटर उंचीचं पाणी दिलं, तर ते एक कोटी लिटर होतं आणि त्यातून तीन टन क्षार शेतात येतात. पीक पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, क्षार जवळजवळ सगळे मागे राहतात. पाटानं मोकळं पाणी दिलेल्या उसाला अडीच मीटर पाणी सहज जातं. म्हणजे हेक्टरी साडेसात टन, एकरी तीन टन, पन्नास किलोची साठ पोती. दर वर्षी. पाऊस किंवा जादा पाणी हे क्षार मुळांच्या खाली धुऊन नेतं, पण खाली गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. ती नसली की भूजल चढत जातं. भारी जमिनीत ते दीड-दोन मीटरांच्या आत आलं की केशाकर्षणानं आपोआप वर ओढलं जातं आणि पृष्ठभागावर पांढरी खपली धरते.

नाईलकाठी हे हजारो वर्षं टळलं, त्याचं श्रेय पुराच्या वेळेला आहे. इथिओपियाच्या डोंगरांतला पाऊस उन्हाळ्यात नदी फुगवायचा, सप्टेंबरच्या सुमारास पूर भरात असायचा आणि ऑक्टोबरपर्यंत उतरायचा. काठची जमीन मातीच्या बांधांनी मोठमोठ्या वाफ्यांत विभागलेली असे. पुराचं पाणी त्यांत चाळीस ते साठ दिवस कोंडून ठेवायचं, मग खालच्या वाफ्यात किंवा परत नदीत सोडायचं, आणि ओल्या चिखलात गहू-जव फेकून पेरायचे. मार्च-एप्रिलमध्ये कापणी. त्यानंतर जमीन उन्हात तडकायची, भूजल काही मीटर खाली जायचं आणि पुढचा पूर वर्षभराचे क्षार धुऊन घेऊन जायचा. ओलीत आणि निचरा एकाच पुरात उरकत होते. राज्यसत्तेला प्रत्येक पाटावर माणूस बसवायची गरज नव्हती. तिला पुराची उंची कळली की पुरे, कारण त्यावरून त्या वर्षीचं पीक आणि सारा कळे. पालेर्मो शिळेवर, म्हणजे इजिप्तच्या जुन्या राजांच्या वार्षिक नोंदी असलेल्या दगडावर, अगदी पहिल्या राजघराण्यापासूनच्या पुरांच्या उंचीच्या नोंदी हात, मूठ, बोट अशा मापांत कोरल्या आहेत. १९७० मध्ये आस्वानचं उंच धरण पूर्ण झालं, पूर थांबला, बारमाही कालवे आले आणि त्याबरोबर क्षारही आले. त्यानंतर इजिप्तला लाखो हेक्टर जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालाव्या लागल्या.

दक्षिण इराकात, म्हणजे जुन्या सुमेरमध्ये, सगळंच उलटं होतं. टायग्रिस-युफ्रेटिसला पूर येतो तो अनातोलियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) डोंगरांतलं बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत. त्या वेळी जव कापणीला आलेला असतो. पेरणीच्या वेळी, ऑक्टोबरात, नदी सगळ्यात खाली असते. म्हणजे पाणी नको तेव्हा थोपवायचं आणि हवं तेव्हा ओढून आणायचं. त्यात बगदादपासून आखातापर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटरांत उतार जेमतेम पस्तीसेक मीटरांचा. नदी संथ वाहते, गाळ टाकत जाते आणि हळूहळू स्वतःच्याच गाळाच्या वरंब्यावरून, आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागते. पाणी घेणं त्यामुळे फार सोपं होतं: काठ फोडला की पाणी शेतात. पण शेत खाली आणि नदी वर, म्हणून उरलेलं पाणी परत नदीत जाऊ शकत नाही. ते सखल भागात साचतं आणि मुरतं. सुमेरचं वैभव आणि सुमेरचा ऱ्हास या एकाच भूगोलातून निघाले, असं मला वाटतं.

गाळाचा खर्चही मोजता येतो. तिथल्या मातीच्या पाट्यांवर हिशेब सापडतात. माती खणण्याचं दिवसाचं ठरलेलं प्रमाण माणशी सुमारे तीन घनमीटर होतं. इ.स.पू. २१०० च्या आसपास पुरुष मजुराला महिन्याला साठ सिला, म्हणजे साधारण साठ लिटर जव मिळे, बाईला त्याच्या निम्मे. आता पाच किलोमीटर लांब आणि तीन मीटर रुंद असा एक मधला कालवा घ्या. एका हंगामात त्यात अर्धा मीटर गाळ बसला, तर ७,५०० घनमीटर उपसावे लागतील. म्हणजे अडीच हजार मनुष्यदिवस, शंभर माणसांचं पंचवीस दिवसांचं काम, आणि रोजचे दोन लिटर धरले तर पाच हजार लिटर जव. एका कालव्याचं हे एका साफसफाईचं देणं. कुणी किती दिवस काम केलं, कुणाला किती धान्य दिलं, हे लक्षात ठेवण्याच्या पलीकडे गेल्यावर लिहावं लागलं. इ.स.पू. ३२०० च्या सुमारास उरुक या सुमेरी नगरात ज्या पाट्या दिसू लागतात, त्यांतल्या बहुतेक धान्य, जनावरं आणि माणसं यांच्या हिशेबाच्याच आहेत. लिपी जन्मली ती कोठारात.

इ.स.पू. २४०० च्या सुमारास गिरसू या सुमेरी नगराच्या परिसरात जवाचा उतारा हेक्टरी २,५३७ लिटर होता, इ.स.पू. २१०० मध्ये १,४६० आणि १७०० च्या आसपास जवळच्याच लार्सा नगराकडे ८९७. लिटरला सहाशे ग्रॅम धरून आपल्या भाषेत सांगायचं, तर एकरी सहा क्विंटलवरून साडेतीनवर आणि तिथून दोन-सव्वादोनवर. याच काळात गहू शेतांतून नाहीसा झाला. इ.स.पू. ३५०० कडे गहू आणि जव जवळजवळ बरोबरीनं होते. २५०० कडे गहू एक षष्ठांश राहिला, २१०० ला शेकड्याला दोनसुद्धा नाही, आणि १७०० पर्यंत संपला. जव गव्हापेक्षा अधिक खारटपणा सोसतो. थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट ॲडम्स या अभ्यासकांनी १९५८ मध्ये हे आकडे मांडून दक्षिण मेसोपोटेमियाच्या उतरंडीला क्षार जबाबदार धरले. त्यावर आक्षेपही आले. पाट्यांवरची मापं आणि बियाण्याचं प्रमाण वेगळं वाचता येतं, असं १९८५ मध्ये मार्व्हिन पॉवेल यांनी दाखवलं. जव पेरण्यामागे बाजाराची व चाऱ्याची कारणंही असू शकतात. हे आक्षेप गंभीर आहेत आणि एकट्या क्षारांनी साम्राज्यं बुडाली असं मीही म्हणणार नाही. पण शेतं पांढरी पडत होती, हे तिथल्या लोकांना नीट माहीत होतं. बाबिलोनी पुराकथेत देव माणसांना शिक्षा देतात ती काळी शेतं पांढरी करून.

आता वरचा गाळाचा हिशेब या उताऱ्यांशेजारी ठेवून पाहा. पहिल्या उताऱ्याला त्या कालव्याची साफसफाई दोन हेक्टरांच्या पिकात भागत होती. शेवटच्या उताऱ्याला त्याच कामासाठी साडेपाच हेक्टरांचं पीक द्यावं लागलं. गाळ तेवढाच, माणसं तेवढीच, पोट तेवढंच. हा वाढीव भार कुणाकडून वसूल झाला असेल? ज्यांची जमीन आधीच खारावत होती त्यांच्याकडूनच, आणि तो फेडायचा म्हणजे पडीक ठेवायची जमीनही पेरायची.

त्या भागातली पडीक म्हणजे आळस नव्हता, तो निचराच होता. एक वर्ष आड शेत मोकळं ठेवलं की त्यात जवासा आणि शोक नावाची काटेरी झुडपं वाढतात. त्यांची मुळं खोल जातात, दोन मीटरपर्यंतची ओल शोषून घेतात, भूजल खाली ढकलतात आणि पुढच्या ओलिताचे क्षार उतरायला कोरडी जागा तयार करतात. गेल्या शतकापर्यंत इराकी शेतकरी हे करत होते. कर वाढला, लष्कर वाढलं किंवा वरच्यानं पाणी जास्त सोडलं की हा एक वर्षाचा विसावा मोडतो. लागाश आणि उम्मा या शेजारी नगरांचं सीमेवरच्या शेतांसाठी आणि पाटांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वैर चाललं. शेवटी लागाशच्या एन्मेतेना राजानं, उम्मावर अवलंबून राहायला नको म्हणून, थेट टायग्रिसमधून कालवा आणला. भांडण तात्पुरतं सुटलं, पाणी मुबलक झालं. जेकबसन-ॲडम्स यांच्या मते त्या भागातलं भूजल चढायला हाच कालवा कारण झाला. मुबलक पाणी मिळालेल्या माणसाला पडीक ठेवायला सांगणं तेव्हाही जमलं नाही.

इथे एका जुन्या वादाचं उत्तर देणं भाग आहे. १९५७ मध्ये कार्ल विटफोगेल यांनी मांडलं की मोठं पाणी सांभाळायला मोठी हुकूमशाही लागते, पूर्वेकडची राज्यं तशीच घडली. उत्खननांनी आणि भूपृष्ठ पाहण्यांनी हे खोडून काढलं आहे. सुमेरमध्ये नगरं उभी राहिली तेव्हा पाट छोटे होते, नदीच्या वरंब्यालगतचे, गावकऱ्यांनी सांभाळलेले. प्रचंड कालवे आले ते राजे उभे राहिल्यानंतर. हम्मुराबीच्या (इ.स.पू. १७९२ ते १७५०) संहितेतही पाण्याचा भार व्यक्तीवर आहे. ज्यानं आपला बांध मजबूत ठेवला नाही आणि तो फुटून इतरांचं पीक बुडालं, त्यानं धान्य भरून द्यायचं. देता आलं नाही तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकून तो पैसा नुकसान झालेल्यांनी वाटून घ्यायचा. शिक्षा क्रूर आहे. पण तिच्यामागची समज पक्की आहे: पाणी माझ्या बांधाच्या आत राहत नाही. मात्र त्या कलमांत बांध फुटण्याची शिक्षा आहे, हळूहळू मुरून शेजाऱ्याचं भूजल चढवण्याची नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, एका वर्षात घडत नाही आणि कुणा एकाचा दोष दाखवता येत नाही. आजच्या कायद्यांचीही अडचण हीच आहे.

सिंधूकाठी निचऱ्याची जाण नगररचनेतच दिसते. मोहेंजोदडोला कच्च्या विटांचे उंच चौथरे बांधून त्यांवर वस्ती केलेली, घरोघरच्या मोऱ्या गल्लीतल्या पक्क्या गटाराला जोडलेल्या, गटारांवर विटा किंवा दगडी फरशा, जागोजाग गाळ बसायला खड्डे आणि ते उपसता यावेत म्हणून उचलता येणारी झाकणं. जाडी, रुंदी, लांबी एक, दोन, चार या प्रमाणातल्या पक्क्या विटा. शहरात सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात, असा मायकेल यान्सेन यांचा अंदाज. राजवाडा मात्र सापडत नाही. रब्बीचे गहू-जव बहुतांशी पुराच्या ओलीवर येत, त्यामुळे इराकासारख्या लांब कालव्यांची गरज कमी होती. या शहराच्या १९२४-२५ च्या उत्खननाची धुरा मूळचे पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित यांच्याकडे होती. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिथला एक भाग आजही ‘डीके’ म्हणून ओळखला जातो.

साडेचार हजार वर्षं टिकलेल्या त्या विटा विसाव्या शतकात क्षारांनी पिठासारख्या झडू लागल्या. १९३२ मध्ये सक्करचं धरण सुरू झालं, सात कालवे वाहू लागले, आणि पुढच्या काही दशकांत उत्खननाच्या वेळी खोल असलेलं भूजल अवशेषांच्या पायथ्याशी आलं. सोडियम सल्फेट विटेत चढतं, वाळताना फुगतं आणि विटेचे पापुद्रे सोडवतं. युनेस्कोला १९७० च्या दशकात हे शहर वाचवायची मोहीम काढावी लागली. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होतं आणि सक्करच्या धरणाला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचंच नाव दिलेलं होतं. ज्या सरकारच्या बांधकाम खात्यानं सिंधूवर धरण घातलं, त्याच सरकारनं दख्खनचे कालवे काढले. हा आपल्याच पाटबंधाऱ्यांचा इतिहास आहे, परक्याचा नाही.

दख्खनमधलं पुस्तक तर त्याआधीच उघडलं होतं. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. १८९९ मध्ये विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली: लाभक्षेत्राचे गट पाडायचे, गटातल्या साधारण एक तृतीयांश जमिनीतच ऊस, बाकीत हंगामी पिकं, आणि दर वर्षी फेर. पाणी पसरतं आणि प्रत्येक तुकड्याला बारमाही ओलीतून सुटका मिळते. सुमेरच्या पडीकेची ही दख्खनी आवृत्तीच. आणि १९१० मध्ये, म्हणजे कालवा आल्यावर पंचवीस वर्षांत, हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र अहवाल लिहिला. रोग तेव्हाच ओळखला गेला होता. तरीही उसानं फेर मोडला, पाळ्या वाढल्या आणि पुढे कृष्णाकाठी उपसा योजनांनी हेच शिरोळ, मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत नेलं. आधी जमीन पाणथळ होते, मग खारवट, आणि सोडियम मातीच्या कणांना चिकटला की चोपण. चोपण जमीन ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी; तिच्यात पाणी मुरतच नाही. मातीचा खारटपणा विद्युतवाहकतेवरून, डेसिसायमन प्रति मीटर या एककात मोजतात; जव ती ८ पर्यंत आणि गहू ६ पर्यंत सोसतो. उसाचा उतारा १.७ च्या पुढेच घसरू लागतो. सुमेरला गव्हाकडून जवाकडे सरकायची सोय होती. ऊस लावणाऱ्याकडे तीही नाही.

उपाय माहीत आहे. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. सच्छिद्र नळ्या जमिनीत एक ते सव्वा मीटर खोल, जमिनीच्या पोताप्रमाणे वीस ते चाळीस मीटर अंतरानं घालायच्या, त्यांवर कृत्रिम धाग्याची गाळणी, शंभर मीटरला वीस-तीस सेंटिमीटर उतार, त्या मोठ्या संग्राहक नळीला जोडायच्या आणि ती ओढ्यात सोडायची. काम ओढ्याकडून वर करत आणायचं, उन्हाळ्यात, पाणी खाली असताना. जमीन चोपण असेल तर माती तपासून आधी जिप्सम, नाहीतर पाणी नळीपर्यंत पोचतच नाही. हे फसतं तेही ठरलेल्या कारणांनी. गाळणीत काटकसर केली की नळी गाळानं भरते. उतार एका जागी जरी उलटा पडला तरी तिथे पाणी तुंबतं. आणि सगळ्यात जास्त फसतं ते तोंडाशी: ज्या ओढ्यात पाणी सोडायचं, तो ओढा वरून कुणीतरी नांगरून टाकलेला असतो, किंवा इतका उथळ झालेला असतो की पावसाळ्यात नळीचं तोंडच पाण्याखाली जातं. एकट्या शेतकऱ्यानं लाखभर रुपये घातले तरी खालच्या तिघांनी वाट दिली नाही तर ते मातीत जातात.

आपल्याकडे याचं भान नव्हतं असं नाही. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधारा, पाट, चाऱ्या यांच्या जोडीला जादा पाणी बाहेर काढायला सांडम असत. पाटकरी आणि जागले गावानं नेमलेले. कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळे मिळून ठरवत, म्हणून उसाचा फड दर वर्षी तोच राहत नसे. ही व्यवस्था काही शतकं चालली.

माझी मागणी यातून निघते. कालवा किंवा उपसा योजना मंजूर होताना तिच्या अंदाजपत्रकातच निचऱ्याची वाट मंजूर झाली पाहिजे, आणि लाभक्षेत्रातले ओढे मोजून, खुले करून, नकाशावर पक्के नोंदवल्याशिवाय योजना पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या पाणी वापर संस्थांकडे पाळीच्या हिशेबाबरोबर निचऱ्याचाही अधिकार आणि निधी द्यावा. यावर तीन आक्षेप येतात. एक, पैसा नाही. पण चोपण झालेली जमीन परत आणणं, ती होऊ न देण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. दुसरा, ठिबकानं प्रश्न सुटतो. ठिबकानं पाणी वाचतं, म्हणून क्षारही कमी येतात, हे खरं. पण आलेले क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला साचतात आणि ते धुवायला पाऊस लागतो, पावसाच्या पाण्याला जायला पुन्हा ओढा लागतो. खारट निचरा नदीत सोडला तर खालच्या गावाचं काय, हा तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून नळीच्या तोंडाशी पाण्याची क्षारता मोजणं आणि ते कधी सोडायचं हे ठरवणं याही कामाचाच भाग हवा.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा योजनांचं पाणी आता पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या राहिलेल्या शिवारात चाललं आहे. तिथल्या माणसाला पाणी मिळालंच पाहिजे. पण तिथली शेतंही पांढरी पडू नयेत म्हणून प्रत्येक गावात चार-पाच विहिरी निवडून त्यांतल्या पाण्याची पातळी आणि क्षारता दर मे आणि ऑक्टोबर महिन्यात मोजावी आणि आकडे पाणी वापर संस्थेच्या फळ्यावर लिहावेत. एक मोजपट्टी, एक क्षारतामापक आणि वर्षातले दोन दिवस एवढंच याला लागतं. ज्या गावात पाणी अजून पोचायचं आहे, तिथे पहिली नोंद पाणी सुटण्याआधीची असावी.